फोटोत सोडलेली जागा

भूत बघितलंय का, हे मला विचारू नका. मी काही बघितलेलं नाही. पण जिच्या घरात हे झालं ती माझ्या स्टुडिओत, माझ्यासमोर बसून सगळं बोलली, आणि जागृतीला खोटं बोलता येत नाही. सानवी, तो दिवा मालव, डास येतायत. अनुपम, ऐकायचं तर नीट ऐक, मधे फाटे फोडू नकोस.

काम तसं साधंच होतं. पळसदरीला धरणाच्या अलीकडे नीलेशचं घर आहे. तो खोपोलीला कारखान्यात कामाला. दोन हजार चोवीस साल, सोळा नोव्हेंबर, शनिवार. त्रिपुरी पौर्णिमेची दुसरी रात्र, चांदणं लख्ख. नीलेशची रात्रपाळी होती. निघताना तो बायकोला, म्हणजे जागृतीला म्हणाला, "माळ्यावरची पेटी काढून ठेव गं. फोटो कोरड्या फडक्यानं पुसून घे. सकाळी ती मुंबईची माणसं न्यायला येणार हायेत." आणि डबा घेऊन गेला.

हे फोटो कोणाचे, ते सांगतो. नीलेशची पहिली बायको हर्षला. एका फार्महाऊसवर झाडलोट करायची. तिथल्या पाहुण्यांनी जाताना तिला आपला जुना छोटा कॅमेरा देऊन टाकला. शिकवलं कोणीच नाही. बाई आपल्या मनानं फोटो काढत सुटली. कार्ड एकच. ते भरलं की कर्जतला माझ्याकडे यायची, प्रिंट काढून घ्यायची आणि कार्ड पुसून टाकायची. म्हणजे त्या प्रिंट सोडल्या तर कुठे काही शिल्लक नाही.

आणि फोटो असे, की माझ्या डोक्यात तिडीक जायची. बहुतेकांत नीलेश. पण कडेला. पार चेपलेला, कधी खांदा अर्धा कापलेला. बाकी सगळा फोटो रिकामा. भिंत, बांध, अंगण, नाहीतर नुसती खाट. मी म्हणायचो, "अगं, माणूस मधोमध घ्यावा. एवढी जागा वाया घालवतेस." ती हसायची. म्हणायची, "काका, तिथं मी हाय ना. फोटो काढणारी फोटोत येत नाय, म्हणून आपली जागा सोडून ठेवते."

बरं, वेडी म्हणून सोडून द्यावं, तर नीलेशचा चेहरा असा आलेला असायचा की बघत राहावं. लाजलेला, खोडी पकडली गेल्यासारखा. त्याच नीलेशचा मी इथे चांगले दिवे लावून फोटो काढला, तर तो आधार कार्डावरचा माणूस. जन्म गेला माझा या धंद्यात. मी जळायचो तिच्यावर, उगाच कशाला लपवू.

हर्षला काविळीनं गेली. पुढे दोन वर्षांनी नीलेशनं शेलूच्या जागृतीशी लग्न केलं. पोरगी गुणाची, शिवणकाम करणारी, बोलायला मोकळी. नीलेशनंही तिला कधी दुखवलं नाही. आवाज चढवायचा नाही, जेवण चांगलं झालं की चांगलं म्हणायचा. फक्त तिच्याकडे बघायचा नाही. म्हणजे बघायचा, पण आपण घड्याळाकडे बघतो तसा.

त्यात ती मुंबईची मंडळी आली. फोटोचं शिक्षण न घेतलेल्या माणसांचे फोटो जमवून प्रदर्शन भरवतात म्हणे. आधी माझ्याच स्टुडिओत आली. मला वाटलं, माझं काम बघतील. कसलं काय! हर्षलाच्या फोटोंबद्दल कुठूनतरी ऐकलेलं, म्हणून पळसदरीचा पत्ता विचारला, मीही तोंड वाकडं करून दिला. तिथे जाऊन मंडळी त्या रिकाम्या भिंतींवरून बोटं फिरवत बसली. काय ही नजर, काय ही मोकळी जागा. जागृती चहाचा ट्रे घेऊन उभी. कोणीतरी नीलेशला विचारलं, "इथे काय आहे?" तो म्हणाला, "तिथं ती हाय."

जागृती म्हणाली, "होती, म्हणा."

नीलेशनं कप उचलला.

तो 'हाय' तिच्या काळजात रुतून बसला. आणि तो घेऊनच त्या शनिवारी रात्री ती पेटी उघडून बसली. बाजूच्या फार्महाऊसवरचा डीजे दहाला बंद पडला. मग नुसते रातकिडे. खोलीच्या मधोमध चटई टाकून ती एकेक फोटो पुसायला लागली. प्रत्येक फोटोत तो चेहरा. तिच्या वाट्याला एकदाही न आलेला. तिनं मला सांगितलं ते असं, "काका, मला फोटो फाडायचे नव्हते. मला तो पायजे होता. ती नको होती."

कापड कापायची मोठी कात्री तिनं घेतली आणि फोटोतला रिकामा भाग सरळ कापून टाकला. नीलेश एका बाजूला ठेवला, रिकामा तुकडा दुसऱ्या बाजूला. माणूस आला मधोमध, मी सांगायचो तसा. तिला बरं वाटलं. तिनं दुसरा कापला. तिसरा कापला.

मग ती थोडी सरकली.

का सरकली, ते तिचं तिलाच कळलं नाही. बाकावर शेजारी कोणी येऊन बसलं की आपण न बघताच सरकतो, तशी. आणखी एक फोटो कापला. पुन्हा सरकली. पायाला गार फरशी लागली, तेव्हा ध्यानात आलं. आपण चटईवर नाही. परत मधे जाऊन बसावं, असं तिच्या मनात आलं. पण...

मधे जागा नव्हती.

दिसत काही नव्हतं. चटई मोकळी. ट्यूबलाईट चालू. तिनं चटईवर हात टेकवला... आणि झटकन मागे घेतला. चटई उबदार होती.

कापणं थांबवायचं होतं तिला. हात थांबेना. कापला... सरकली. कापला... सरकली. पाठ भिंतीला लागली. खांदा कपाटाला लागला. आता सरकायला काही उरलं नाही.

कात्री पडली. तिनं उचलली नाही.

समोर सगळी खोली मोकळी. आणि ही कडेला. चेपलेली...

काय म्हणालीस सानवी? मग काय? मग काही नाही. कोणी बोललं नाही. कोणी रडलं नाही. नुसतं कोणीतरी बसलेलं होतं. रातकिडेही गप्प झाले. ती म्हणाली, "काका, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या. ती बोललीच नाय."

उजाडताना नीलेश आला. बाहेरून किल्ली लावून त्यानं दार उघडलं. चटईकडे बघितलं. आणि हसला. लाजून. फोटोत हसायचा तसा.

"जागीच हायेस का गं?" म्हणाला.

जागृती कपाटाजवळ होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

मंडळी नऊला आली. कापलेले फोटो उलटसुलट करून बघितले. मग रिकामे तुकडे तेवढे कागदात गुंडाळून जपून घेऊन गेली. नीलेशचे तुकडे तिथेच राहिले. मोठ्या लोकांची आवड, आपण काय बोलणार.

आठवड्यानं जागृती नीलेशला घेऊन स्टुडिओत आली. त्याला बाहेर बाकड्यावर बसवून तिनं मला हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, "काका, आमचा दोघांचा एक फोटो काढा. मधोमध." मी म्हटलं, एवढंच ना? दोघांना निळ्या पडद्यासमोर उभं केलं. खांद्याला खांदा. मी माझ्या हातानं जुळवले, मधून कागद जाणार नाही असे. कॅमेऱ्यातून बघितलं. बरोबर मधोमध. बटण दाबलं.

प्रिंट बाहेर आली...

नीलेश डाव्या कडेला. जागृती उजव्या कडेला, तिचा दंड अर्धा कापला गेलेला. मधे निळा पडदा. एक माणूस उभा राहील एवढा. आणि नीलेश मधे बघत होता. चेहरा तोच. माझ्या कॅमेऱ्यात पहिल्यांदाच आलेला.

ती प्रिंट माझ्या कपाटात आहे. सकाळी दाखवतो, आत्ता नाही.

जागृती त्या प्रिंटकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मशीन बिघडलं असेल गं. मधला भाग कापतो, दोघांना जोडून देतो." पट्टी ठेवली, कात्री उचलली. तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार.

"नको काका. कापू नका. मला आता सरकायला जागा नाय."