हिरव्या ठिपक्याचे चार सेल

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझा फ्लॅश कानाला लावून उभी होती. आज ते लिहायला बसलो, कारण कपाटात चार सेल पडून आहेत. तिने शेवटचे चार्ज केलेले. वापरले तर संपतील, नाही वापरले तरी हळूहळू उतरतील. चार महिने झाले, मी कपाटाचं दार उघडतो आणि लावतो.

तर ती दुपार. सभागृहात शाळेचा बक्षीस समारंभ होता आणि फोटो मी काढत होतो. एक फोटो काढला की फ्लॅश पुन्हा भरून त्याचा लाल दिवा लागेपर्यंत मुलं, बाई, पाहुणे सगळे हसू ताणून उभे. मध्ये चहाला थांबले, तसा मी रस्ता ओलांडून समोरच्या दुरुस्तीच्या दुकानात पळालो. मागे तिचे बाबा रेडिओ उघडून बसलेले, काउंटरवर ती.

"चार पेन्सिल सेल द्या. लवकर."

"घाई कोणाला आहे, तुम्हाला की फ्लॅशला?"

तिने फ्लॅश माझ्या हातातून घेतला, बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. मग तिने तो कानाला लावला. आत बारीक शीळ वाजत होती आणि ती डोळे मिटून ऐकत होती. इतकं मन लावून माझंही कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"बारा सेकंद," ती म्हणाली. "तेवढ्यात माणूस हसायचं विसरतं की हो."

"मग नवे घालतो."

"नवे घातले तरी थोड्या वेळात हेच. फ्लॅशला एका दमात भरपूर लागतं. साध्या सेलला ते झेपत नाही." तिने खणातून चार सेल काढले. प्रत्येकावर नेलपॉलिशचा हिरवा ठिपका. "हे चार्जिंगचे. माझे आहेत, विकायचे नाहीत. परत आणायचे."

"आणि नाही आणले तर?"

"तर उतरल्यावर काय कराल? चार्जर माझ्याकडे आहे."

सभागृहात परत गेलो. पहिला फोटो काढला. शीळ वाजली... एक, दोन, तीन – दिवा लागला. मला खोटंच वाटलं. म्हणून उगाच भिंतीचा एक फोटो काढला. एक, दोन, तीन. बोटाएवढ्या चार सेलांत एवढा उजेड मावतो, आणि संपला की पुन्हा भरता येतो! त्या दिवशी एकाही पोराचं हसू मावळलं नाही.

सेल परत द्यायला गेलो. मग चार्ज करून न्यायला गेलो. मग हे रोजचंच झालं. ती चौघांना एका कागदी पट्टीत गुंडाळायची आणि पट्टीवर तारीख लिहायची.

"नेलपॉलिश नखांना का नाही लावत?" मी एकदा विचारलं.

"नखं कुठे हरवतात?"

मागून बाबा खोकले.

तिचा नियम एकच. चौघांचा संच मोडायचा नाही. एकत्र चार्ज करायचे, एकत्र वापरायचे. "त्यांच्यात एक परका घातला ना, की सगळ्यांची चाल बिघडते."

आणि मी नेमकं तेच केलं.

एका सकाळी तिने फ्लॅश कानाला लावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. झाकण उघडून तिने सेल काउंटरवर ओतले. तीन हिरवे, एक बिनठिपक्याचा.

"फोटोवाले, चौथा कुठाय?"

"आहे..."

"आहे म्हणजे कुठे? हरवलात ना? माझा संच मोडलात!" तिचे डोळे भरून आले. चार सेलांसाठी कोणी रडतं, हे मी तेव्हा पाहिलं.

मी शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला. गेल्या खेपेला सेल नेल्यापासून तो तिथेच होता. कामावर जाताना, घरी येताना. ठिपका तिने स्वतः दिला होता, म्हणून... मला धड सांगता येईना. मी सेल तिच्यापुढे ठेवला.

तिने तो उचलून मुठीत धरला. सेल गरम होता, अंगाच्या उबेने.

"खिशात ठेवून तो चार्ज होत नाही," ती हळूच म्हणाली.

"मी होतो."

ती लाल झाली – दिव्यासारखी – आणि तोंडावर हात धरून हसली.

"पोरी," मागून बाबा म्हणाले, "हे गिऱ्हाईक दुरुस्त होण्यातलं नाही. ठेवूनच घे."

सव्वीस वर्षं संसार झाला. सेल जुने झाले की ती नवे आणायची, ठिपका मात्र हिरवाच. मी कामावरून आलो की आधी फ्लॅश तिच्या कानाला, मग चहा. चार महिन्यांपूर्वी दवाखान्यात जायच्या सकाळीसुद्धा तिने चार सेल चार्जरमधून काढले, पट्टीत गुंडाळले, तारीख लिहिली. "अहो, आल्यावर लागतील," म्हणाली.

ती आली नाही.

काल मुलगी म्हणाली, "बाबा, ते नुसते ठेवून आई थांबणार आहे का? आईच सांगायची ना, ठेवले की उतरतात म्हणून."

आज हे लिहिता लिहिता उठलो आणि सेल फ्लॅशमध्ये घातले. कानाला लावला. आधी काहीच नाही... मग शीळ आली, अगदी बारीक. सहा, सात, आठ. मुलगी जवळ आली आणि तिनेही कान लावला. डोळे मिटून. हुबेहूब तशीच. मला हे आजवर कधी दिसलंच नव्हतं.

अकराव्या सेकंदाला दिवा लागला. फ्लॅश चढवून मी कॅमेरा उचलला. ती तशीच डोळे मिटून उभी होती.

लख्ख झालं.

चौघे बाहेर काढले. एकत्र चार्जरमध्ये लावले. पट्टीवर तिच्या आईने लिहिलेल्या तारखेखाली मी आजची तारीख लिहिली.