कोरड्या मातीतली तार

देगलूरच्या उमाअक्कांची घरघंटी बंद पडली, म्हणून मी सकाळच्या बसनं नांदेडहून निघालो. घरात दळण करायच्या या छोट्या चक्क्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा. अक्का तीवर गल्लीची ज्वारी दळून देत. घर सुखी होतं. त्यांचे यजमान महादेवप्पा दारात शेंगा फोडत बसले होते. लहानगी लेक घरघंटीला पाठ टेकून स्वतःशीच कानडी गाणं म्हणत होती. मला बसवून आधी चहा दिला.

पट्टा तुटला असेल म्हणून मागचं झाकण काढलं. पट्टा तुटलेला होताच, पण उंदरांनी वायरही कुरतडली होती. करंट येणारं उघडं तांबं थेट पत्र्याला चिकटलं होतं. आत साचलेलं पीठ पाहता बऱ्याच महिन्यांपासून.

अशा वेळी दोनच गोष्टी होतात. अर्थिंग नीट असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर हात लावणाऱ्याला झटका बसतो, जीवही जातो.

"अक्का, कधी झटका बसलाय का?"

"न्हाई की, रिजवानभाई. रोज चालू असतानाच वल्ल्या फडक्यानं पुसते."

मी लेकीला बाजूला घ्यायला सांगितलं. बोर्डावरचा फ्यूज पाहिला. बारीक तारेचा, शाबूत. पत्र्याला टेस्टर लावला. करंट चालू होता, तरी विझलेलाच.

वायर बदलली, पट्टा बसवला. हे कोडं मात्र मनातून जाईना. अर्थिंगची तार स्वयंपाकघराच्या मागं कढीपत्त्याजवळ मातीत उतरत होती. खाली काय पुरलंय, असं विचारलं तर महादेवप्पा हसले. घर बांधलं तेव्हा वायरमन तार नुसती मातीत खोचून गेला होता. पाइप घेऊन उद्या येतो म्हणाला, तो आलाच नाही.

मी बोर्डापासून वायर ओढून मागं एक बल्ब आणला. त्याची एक वायर करंटला, दुसरी अर्थिंगच्या तारेला. अर्थिंग चांगलं असलं तरच असा बल्ब नीट पेटतो.

तो लख्ख पेटला.

लाकडी काठीनं माती उकरली. उन्हाळ्यानं तडकलेली काळी माती, ओलीचा मागमूस नाही; अशा मातीत करंट उतरत नाही. वीतभर खाली तारेचं टोक सापडलं. मातीत तांबं हिरवं पडतं. हे चकचकीत होतं, रोज हाताळल्यासारखं गुळगुळीत.

रबरी हातमोजा घालून टोक वर उचललं. बल्ब विझला.

परत ठेवलं. पेटला.

शेजारी, हातभर अंतरावर टेकवलं. तीच माती, तोच कोरडेपणा. बल्ब पेटला नाही.

महादेवप्पांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं.

दुपारी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही खोल खड्डा घेतला. पाइप, कोळसा, मीठ, पाणी, सगळं रीतसर. नवी तार जोडली. बल्ब लावून पाहिला, उत्तम. अक्कांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि मी पोटभर जेवलो. पोरगी पुन्हा घरघंटीला टेकून गात होती, आणि आता मला तिची काळजी नव्हती. इतकं समाधान या धंद्यात क्वचित मिळतं.

निघताना जुनी तार कापली. मातीत राहिलेला तुकडा काढून न्यावा म्हणून धरला.

"असू द्या," अक्का हळूच म्हणाल्या. "तिला वडू नका."

मी ओढतच नव्हतो. तार खालून ताणली जात होती. जोर नव्हता. झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं काढून घ्यावं, तशी ती माझ्या बोटांतून सरकत गेली आणि मातीत दिसेनाशी झाली.

अक्कांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "लई सोसलं भुईमायनं."

मी वाकून तिथं तळहात ठेवला. माती गरम होती. आणि ताप उतरताना कपाळाला घाम सुटतो, तशी हळूहळू ओली होत होती.