लटकत्या गाडीचे बोल्ट

“साहेब नाही आले?”

माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. तळपायाची आग मस्तकात गेली! जीप माझी, तिच्यात ओतलेला पगार माझा, नखांत गेलेलं ग्रीस माझं... आणि स्पेअर पार्ट्सच्या दुकानातला, गळ्यात मोजपट्टी अडकवलेला हा माणूस साहेब शोधतोय!

“साहेब मीच,” मी म्हटलं. “ते लाल कंट्रोल आर्म्स काढा. पुढच्या चाकांचे, लांबवाले.”

कंट्रोल आर्म म्हणजे चाकांचा एक्सल गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे लोखंडी हात. गाडी उंच केली की जुने हात अपुरे पडतात, स्टिअरिंग भरकटायला लागतं. माझंही लागलं होतं. आणि रविवारी आमच्या जीपवाल्या ग्रुपची डोंगरवाटेवरची फेरी होती. ग्रुपच्या शनिवारच्या तपासणीत जीप नापास झाली, तर मी दादाच्या गाडीत, बाजूच्या सीटवर, त्याची पाण्याची बाटली धरून बसायचं... दादाने सगळ्यांसमोर जाहीरच करून टाकलं होतं. गेल्या फेरीला मी तेच केलं होतं. पुन्हा? शक्यच नाही!

मोजपट्टी (हे नाव मी त्याला तिथल्या तिथे ठेवलं) जागचा हलला नाही.

“गाडी बघितल्याशिवाय आर्म्स देत नाही मी.”

“का? मी बाई म्हणून?”

“नाही... आर्म्स म्हणून.”

आणि वर हसला. गालाला खळी पडली. मला त्या खळीचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी जीप नेऊन त्याच्या दारातच उभी केली. तो पाठीवर झोपून खाली सरकला आणि खालूनच बोलायला लागला.

“किती उचललीय म्हणालात?”

“तीन इंच. स्प्रिंगच्या खोक्यावर लिहिलंय.”

“खोक्यावर लिहिलंय हो. गाडी दोनच उचललीय. बंपर केवढा जड लावलाय... लाल आर्म्स लांब पडतील, चाक पुढे सरकून घासेल. लांबी कमी-जास्त करता येते ते घ्या. सांध्यात रबरी बुश असलेले.”

“ते काळे आहेत!”

“खालून कोण बघणारे?”

“मी बघणारे!”

तो सरकत बाहेर आला. नाकाच्या शेंड्यावर ग्रीसचा ठिपका.

“मग लाल रंगवून देतो,” म्हणाला... अगदी हळू.

आणि खरंच रंगवून दिले! असं कुणी करतं का? भांडायची सोयच ठेवली नाही मेल्याने.

शुक्रवारी दुकानामागच्या शेडमध्ये जीपचं तोंड जॅकवर उचललं. चाकं काढलेली, एक्सल खाली लोंबतोय.

“पाना मी चालवणार,” मी म्हटलं.

“मग मी काय करू?”

“दिवा धरा.”

धरला. पण उजेड बोल्टवर कमी आणि माझ्या चेहऱ्यावर जास्त.

“दिवा बोल्टवर!”

“बोल्टवरच आहे की...”

“माझ्या नाकाला आटे आहेत का?”

तो इतका हसला की उजेड छपराला जाऊन आला. मलाही हसू येत होतं, पण मी ते ओठांतच दाबलं.

“आणि हे बघा, बोल्ट आत्ता नुसते हातानेच लावायचे,” मी बजावलं. “चाकं जमिनीवर टेकली, भार आला, की मगच आवळायचे. नाहीतर बुशचं रबर पिळून निघतं.”

“हे तुम्ही मला सांगताय?” त्याच्या भुवया वर गेल्या.

उजवी बाजू मी लावली. डावी त्याच्यावर सोपवून हात धुवायला नळावर गेले. मग चाकं टेकल्यावर माझी बाजू मी आवळली. “डावीचं झालं,” तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला.

शनिवारी तपासणीला निघाले आणि डावीकडून सुरू झालं — कुईं... कुईं... उतरून पाहिलं तर जीप डावीकडे बोटभर उंच! रस्त्यातच आडवी होऊन खाली बघितलं. बुशचं रबर पिळवटलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जीप तशीच त्याच्या दुकानाच्या दारात नेली आणि भर गिऱ्हाइकांत मी ओरडले, “लटकत्या गाडीचे बोल्ट आवळलेत तुम्ही! कालच बजावलं होतं ना? दोन तासांत तपासणी आहे माझी!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने पाना उचलला आणि इस्त्रीच्या शर्टानिशी जीपखाली शिरला. बोल्ट सैल केला तशी — टक्! रबर सुटलं, गाडी सरळ बसली. कुठे फाटलं नाही ना, ते त्याने दोनदा बघितलं.

“अशी चूक आजवर कधी केली नव्हती,” तो खालून म्हणाला.

“मग काल काय भूत दिसलं?”

“तुम्ही दिसलात... नळावर. गुणगुणत होतात काहीतरी. हात पाना फिरवत राहिला, लक्ष तिकडे.”

“हे असं? गाडीखाली झोपून सांगतात?”

“वर येऊन सांगायची हिंमत नाही.”

“या वर!”

आला. केसांत धूळ, शर्टाचं वाटोळं.

“आवडता तुम्ही मला,” म्हणाला. “खालून मी बघणारे, म्हणालात ना... तेव्हापासून.”

माझ्या तोंडाशी केवढं भांडण आलं होतं! सगळं गिळलं. “आधी तपासणी,” एवढंच जमलं. आवाज कापला, त्याचाही राग आला. “बसा गाडीत.”

मैदानात दादा बाटली घेऊन तयारच उभा होता. ग्रुपच्या कप्तानाने जीप हलवून, ठोकून, खाली वाकून बघितली.

“पास. काम कुणाचं?”

“यांचं,” मोजपट्टी सगळ्यांसमोर म्हणाला. “मी फक्त एक चूक केली. तीही यांनीच पकडली.”

इतकी माणसं, आणि त्याने स्वतःची लाज सरळ उघड्यावर मांडली... माझ्यासाठी. माझे डोळे भरून आले.

मी दादाच्या हातातली बाटली काढून घेतली आणि मोजपट्टीच्या हातात कोंबली.

“उद्या पहाटे. माझ्या बाजूच्या सीटवर,” मी म्हटलं. “दिवा काही धरता आला नाही तुला. बाटली तरी नीट धर!”