उलट्या बाजूचं स्टिअरिंग

पार्किंगच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती आणि सगळ्यात पुढची गाडी काही केल्या हलेना. तिचं स्टिअरिंगच उलट्या बाजूला! तिकिटाचं यंत्र एकीकडे, चालवणारी दुसरीकडे. बाजूच्या सीटवर आडवी होऊन ती बटणाशी झटत होती आणि मागून हॉर्नचा नुसता कल्ला. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या बेकरीवाल्याला राहवलं नाही. त्याने बटण दाबलं आणि तिकीट खिडकीतून तिच्या हातात दिलं.

"थँक्यू," ती म्हणाली. "तुमच्या केसांत पीठ आहे."

बस्स, एवढंच. पण त्या दिवशी स्वारी घरी जाऊन झोपली असेल तर शपथ!

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा तिथेच... अगदी सहज हं! पुढच्या आठवड्यात तीच म्हणाली, "बसा आता आत. रोज असं उभं राहून पाय दुखतील." समोरच्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती, पायांचं तिला कळत होतं.

मग सुट्टीचे फेरफटके सुरू झाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पुढे ट्रक आला की तिला पलीकडचं काही दिसायचं नाही. तो मान लांब करून सांगायचा, "थांब... थांब... हं, जा!" आणि ती बिनधास्त जायची. कुणी आपल्यावर इतका भरवसा टाकावा, याचं त्याला फार अप्रूप वाटायचं... आणि थोडी भीतीही.

एक कोडं मात्र त्याला सुटत नव्हतं.

"ही गाडी तुझ्या देशातून जहाजाने आणलीसच कशाला? नुसत्या आयातकरात इथे दुसरी आली असती!"

"दोन आल्या असत्या. पण रंग आवडतो मला."

कधी म्हणायची, "आईने नको म्हटलं म्हणून." खऱ्याचा पत्ता लागू देईल तर ना!

रस्ता कर, विमा, पार्किंग... तिचा अर्धा पगार ती गाडीच खायची. गाडीचा परवाना नव्याने काढायची वेळ आली, तेव्हा फाटकाबाहेर गाडी थांबवून ती म्हणाली, "गिऱ्हाईक मिळालंय. उद्या देऊन टाकते."

गाडी गेली की तिच्या शेजारची सीटही गेली!

"अर्धा खर्च मी देतो," तो घाईघाईने म्हणाला. "नव्या भट्टीसाठी पैसे साठवलेत ना, ते—"

"वेडा आहेस."

"आहे. पण विकू नकोस."

तिने इंजिन बंद केलं.

"खरं सांगू? इथे आले तेव्हा मी कुणालाच ओळखत नव्हते. एक तरी जागा हवी होती, जिथे डोळे मिटूनही माझा हात बरोबर पडेल... म्हणून आणली."

"मग आता?"

"आता ओळखते ना एकाला." तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "आवडतो मला तो."

बेकरीवाल्याचे कानसुद्धा लाल झाले.

"मग मी... मी बसू कुठे?"

"बसमध्ये. माझ्या शेजारी," ती हसली. "खिडकी मात्र माझी हं!"

खिडकी तर खिडकी! तो जन्मभर उभ्याने प्रवास करायलाही तयार होता.