बॅटरीवरचा हात

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आप्पासाहेबांनी चाळीस वर्षं दलाली केली. बैलाचा जबडा उघडून ते दातांवरून वय सांगत, आणि गिऱ्हाईक नवखं दिसलं तर दोन वर्षं कमीच सांगत. असा चोख धंदा करून म्हातारा आता खाटेवर बसला होता. मुलगा ज्ञानेश्वर त्याच खोलीत टेबलावर लॅपटॉप मांडून, मोबाईलच्या नेटवर, पुण्याच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी निस्तरायचा.

लॅपटॉप सात वर्षांचा. दुपारी एकला गावची लाईट गेली की अर्ध्या तासात मान टाकायचा. ज्ञानेश्वर ऐन ड्यूटीत दोनदा असा गायब झाला होता. "तिसऱ्यांदा झालं तर उद्यापासून येऊ नका," साहेबानं फोनवर बजावलं. घरूनच काम करणाऱ्याला 'येऊ नका' म्हणजे काय, हे विचारायची ज्ञानेश्वरची छाती झाली नाही.

त्यानं बॅटरीचा रिपोर्ट काढला. नवी असताना शंभर मावायचं, तिथं आता अडतीसच मावत होतं. नगरचा दुकानदार म्हणाला, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही.

"आन हिकडं," आप्पा म्हणाले. "बघू दे."

"आप्पा, त्याला दात नसत्यात."

"तुला अक्कल न्हाई, तरी पोसलाच न्हवं?"

त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, वासराला थोपटावं तसा थोपटला. "दमलंय बिचारं. हात फिरवला की जोम धरतंय जनावर." आणि तळहात तसाच ठेवून ते पेंगले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये बेचाळीस आलं.

ज्ञानेश्वरनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. मोजणी थोडी इकडंतिकडं होते, हे त्याला ठाऊक होतं. पण म्हातारी बॅटरी तरणी होत नाही, हेही ठाऊक होतं. त्यानं रोज दुपारी लॅपटॉप आप्पांच्या मांडीवर द्यायला सुरुवात केली. एकोणपन्नास. सत्तावन्न. सहासष्ट.

त्याच आठवड्यात आप्पा भाकरी दुधात कुस्करून मागू लागले. मग पारावर जायचे थांबले. लॅपटॉप उचलताना त्यांचा तळहात माठाच्या बुडासारखा गार लागायचा. बंद लॅपटॉप मात्र कोमट असायचा.

"ज्ञाना, त्यांच्या मांडीवर देऊ नगं ते," मनकर्णा, त्याची आई, म्हणाली. "अंगातलं पार गेलंय त्यांच्या."

"आई, वय झालंय. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

तरी चार दिवस त्यानं लॅपटॉप टेबलावरच ठेवला. आप्पांनी अर्धी भाकरी खाल्ली, दारापर्यंत चालत गेले. रिपोर्ट चाळिसावर आला.

पाचव्या दिवशी, पावणेदोनला, चॅटवर गिऱ्हाईक टाइप करत असताना पडदा अंधुक झाला. चार टक्के उरले होते.

ज्ञानेश्वर लॅपटॉप घेऊन खाटेशी गेला. आप्पा झोपले होते. त्यानं बापाचा हात मनगटाशी धरून उचलला आणि लॅपटॉपवर ठेवला.

चार.

नऊ.

चार्जर भिंतीवर लोंबत होता. लाईट नव्हती.

तेवीस.

आप्पांनी डोळे उघडले. "किती दावतंय?"

"पुरंल, आप्पा."

"खरं सांग. दलालाला फसवतोस व्हय?"

ज्ञानेश्वर गिऱ्हाइकाला उत्तर टाइप करत राहिला. सहाला ड्यूटी संपली. आप्पांची बोटं लॅपटॉपवरून एकेक करून सोडवावी लागली. त्यानंतरच त्यानं आईला हाक मारली.

रात्री रिपोर्टमध्ये शंभर होतं.

तेराव्यानंतर तो पुन्हा कामाला बसला. पहिल्या दिवशी एकाहत्तर, तिसऱ्या दिवशी चोपन्न. पुढच्या सोमवारी एकला लाईट गेली, आणि मनकर्णा पदराला हात पुसत टेबलाशी येऊन उभी राहिली.

"उतरलं का?"

त्यानं मान डोलावली.

"बापाचं पुरलं न्हाई तुला," ती म्हणाली, आणि उजवा तळहात लॅपटॉपवर ठेवला.

ज्ञानेश्वर उठला, आणि तिला बसायला खुर्ची घेऊन आला.