मानेवरची सावली

वऱ्हाडात माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा एकट्याचा धड फोटो काढायची घरच्यांना आठवण होत नाही. तो गेला की मग शोधाशोध. तेरवी असो की बौद्ध घरातलं पुण्यानुमोदन, हार घालायला फोटो लागतोच, आणि मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्याचा चेहरा कापून आणतात. चष्म्यावर फ्लॅशची चकाकी, गालावर शेजारच्याच्या फेट्याची सावली. असले फोटो साफ करून देणं हे अकोल्याच्या जठारपेठेतल्या रश्मीचं काम. पार तेल्हाऱ्याकडून लोक तिच्या दुकानात येत. मेलेल्याच्या तोंडावर सावली नको, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

आठ वर्षं तिने हे हाताने केलं. गेल्या वर्षी तिचा भाऊ ललित पुण्याहून आला आणि त्याने तिच्या संगणकावर एक प्रोग्राम बसवला. लोकांनी आणलेले मूळ फोटो आणि तिने साफ केलेले फोटो, अशा दोन हजार जोड्या त्याने त्या प्रोग्रामला दाखवल्या. कुठलं काळं म्हणजे सावली आणि ते काढल्यावर खाली काय भरायचं, हे प्रोग्रामने पाहून पाहून शिकायचं.

"ताई, याले दुसऱ्या कोनाचं काहीच मालूम नाही," ललित म्हणाला होता. "तू जे पुसलं, तेच हे पुसन."

तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी रस्ता उन्हाने ओस पडला होता, तेव्हा हिवरखेडचे खुशालराव दुकानात आले. पांढरा स्वच्छ सदरा, मऊ बोलणं. बायको कौशल्या न्हाणीत पाय घसरून पडली आणि गेली, असं त्यांनी सांगितलं. परवा तेरवी होती. मोबाइलमध्ये गेल्या महिन्यातल्या पुतण्याच्या लग्नातला फोटो होता. तो रश्मीच्या संगणकात घेऊन झाल्यावर त्यांनी उजवा हात काउंटरवर ठेवला. करंगळीशेजारचं बोट पेरभर तुटलेलं होतं. कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलं, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

"चष्म्यावर लाइट चमकून राहिला, थो काढा," ते म्हणाले. "अन् मानेवर सावली पडली, थे बी काढून टाका." मग म्हणाले, "पयला फोटो ठेवू नका. मीबी मोबाइलातून काढून टाकतो."

अर्ध्या मिनिटात काम झालं. चष्म्यावरची पांढरी चकाकी गेली आणि मागून कौशल्याबाईंचे डोळे दिसले. त्या कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हत्या. चौकटीबाहेर कुणीतरी उभं होतं आणि त्यांची नजर तिरकी त्याच्यावर होती. विंचू कुठे गेला ते पाहत राहावं, तशी. मान मात्र स्वच्छ झाली होती.

त्याच वेळी तिला वास आला. पावसात भिजून पोत्यातच कुजलेल्या सोयाबीनचा असतो तसा, घशात चिकटून बसणारा. बाहेरची नाली तुंबली असेल म्हणून तिने दार लोटून घेतलं, तर वास वाढला.

तो प्रोग्राम काढून टाकलेलं सगळं बाजूला वेगळं दाखवत असे. राखाडी चौकोनात वर चकाकीचे दोन पांढरे ठिपके होते आणि खाली ते काळं होतं. सवयीने तिने ते मोठं करून पाहिलं. एका बाजूला चार लांब डाग, दुसऱ्या बाजूला एक आखूड आणि जाड. चारांतला तिसरा डाग बाकीच्यांपेक्षा पेरभर कमी होता.

तिने पडद्यावरून नजर काढली आणि काउंटरवरच्या हाताकडे पाहिलं.

आता तिने काय करायला हवं होतं, हे सांगायला काही शहाणपण लागत नाही. त्या बाईचा देह जळून गेला होता. तिच्या मानेवर काय होतं, हे सांगणारी जगात एवढी एकच गोष्ट उरली होती आणि ती रश्मीच्या संगणकात होती. एक प्रत कुठेतरी सरकवून ठेवायला बोटाची एक हालचाल पुरली असती.

पण हे असलं काळं रश्मी पहिल्यांदाच पाहत होती थोडीच? दर्यापूरच्या एका बाईच्या डोळ्याखाली होतं. एकीच्या ओठाजवळ होतं. प्रत्येक वेळी आणणारा सावली म्हणाला, तिने मान डोलावली आणि पुसून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत कुणाची मान आहे, हे कुणी विचारत नाही. वळ म्हणजे सावली, हे त्या प्रोग्रामला दुसऱ्या कुणी शिकवलंच नव्हतं. खुशालरावांची किळस तिला आलीच, पण माउसवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताची जास्त आली.

तरी त्याच हाताने तिने मूळ फोटो पुसला. राखाडी चौकोनही पुसला. खुशालराव वाकून पाहत होते, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कौशल्याबाई छापून, काचेच्या फ्रेममध्ये बसून बाहेर आल्या.

"लय साफ हात हाय तुमचा, बाई," खुशालराव म्हणाले आणि फ्रेम काखेत मारून गेले.

रश्मीने तीनदा साबणाने हात धुतले. उजव्या अंगठ्यावर कागद कापायच्या कटरने झालेला एक जुना आडवा वण होता. वास त्या वणातून येत होता. रात्री तिला त्या हाताने घास तोंडाशी नेववेना. आई चमचा देत म्हणाली की हे काय नवीन, तर तिने तो डाव्या हातात घेतला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. खुशालरावांची मुलगी प्राजक्ता बोलत होती. फ्रेमच्या मागच्या दुकानाच्या शिक्क्यावरून तिने नंबर घेतला होता. आवाज अगदी हळू होता, बाजूच्या खोलीत कुणीतरी असावं तसा.

"ताई, तुमी आईच्या मानेवरची सावली काढली होती ना?"

"हो. काढली होती."

"काल हार घातला तवा काही नव्हतं. आज हार सुकला म्हून काढला, तं... मानेवर हात हाय. बाबाचा हात मी वळखते. मी आता पोलिस ठाण्यात जाऊन राहिली. तुमच्याजवळ पयला फोटो असन, थो मले पायजे. या फ्रेमवर कोन विश्वास ठेवन?"

रश्मीने सांगितलं की फोटो नाही. पुसला. आपणच पुसला.

"मंग हा दुसरा हात कोनाचा, ताई?"

"दुसरा?"

"बाबाच्या हातावर ठेवलेला हाय... दाबल्यासारखा. बाईचा हाय. अंगठ्यावर आडवा वण हाय."

फोन बंद झाला. पाठोपाठ भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो आला. दुकानात तो वास इतका दाटला की रश्मीने पदर नाकाला लावला. पडद्यावर दोन्ही हात स्पष्ट दिसत होते. तिने तो फोटो प्रोग्रामला दिला. दुसरं काही करणं तिला येतच नव्हतं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण या वेळी पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग पडद्यावर एक ओळ आली. या फोटोत सावली आढळली नाही.

तिने पुन्हा दिला. पुन्हा तीच ओळ आली.

तिसऱ्यांदा देण्यासाठी तिने फोटो मोठा केला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की कौशल्याबाई आता तिरक्या पाहत नव्हत्या. त्या सरळ समोर पाहत होत्या.