मिटलेली जागा

सन १९८६, मार्चचा दुसरा आठवडा. थंडी संपली होती आणि ऊन अजून चावायला लागलं नव्हतं. जमिनीत काही लावायचं तर हेच दिवस, म्हणून मिस्त्री सकाळी टोपली घेऊन वहिनींच्या घरी गेले.

लोखंड ओतायच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं साचे भरले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरापुढे बारा पावलं लांब, आठ पावलं रुंद अशी उघडी जमीन होती. वारा सुटला की तिथली धूळ थेट ताटात यायची. बायको म्हणायची, माती मेल्यावर खायचीच आहे, आतापासून सवय कशाला? तिला मोठं झाड नको होतं. जमिनीलगत पसरेल, धूळ धरून ठेवेल आणि फुलेल असं काहीतरी हवं होतं. असं चिनी गुलाबाचं दाट अंथरूण त्या वस्तीत एकाच अंगणात होतं, वहिनींच्या.

वहिनी म्हणजे मिस्त्रींच्या कामावरच्या जोडीदाराची बायको. जोडीदार बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात अपघातात गेला. वितळलेल्या लोखंडाचं भांडं कलंडलं तेव्हा तो खाली उभा होता. त्यानंतर मिस्त्रींनी त्या घराची पायरी चढली नव्हती. वेळ झाला नाही, असं ते स्वतःला सांगत. बावीस वर्षं वेळ झाला नाही.

वहिनींनी काही विचारलं नाही. उलट म्हणाल्या, हवं तेवढं न्या, आमच्याकडे मेलं धड फुलत नाही. ओट्यासमोर घोंगडीएवढी जागा होती, तिथली फुलं भर उन्हात मिटलेली असत. त्यांनी माती बदलून पाहिली होती, खत घालून पाहिलं होतं. मिस्त्रींनी लावायला नेमके तिथलेच तुकडे तोडून घेतले, कारण तिथेच वेल लांब वाढला होता.

चिनी गुलाबाला कौतुक लागत नाही. बोटभर तुकडा मातीत खोचला की जीव धरतो. पंधरा दिवसांत जमीन हिरवी झाली आणि महिन्यात गुलाबी, पिवळी, शेंदरी फुलं आली. सकाळी ऊन चढलं की उघडायची, दुपार झाली की मिटायची. शेजारचा घड्याळं दुरुस्त करणारा म्हणाला, मिस्त्री, हे काढून टाका, माझ्या पोटावर पाय येतोय. मिस्त्री क्वचित हसत. त्या दिवशी हसले.

त्यानंतर चार दिवसांनी त्यांना ती जागा दिसली. फाटकाजवळ, दहा वाजता, आभाळात ढगाचा ठिपका नसताना घोंगडीएवढी फुलं मिटलेली होती. ही फुलं सावलीत मिटतात. पण सावली पडावी असं तिथे काहीच नव्हतं. मिस्त्रींनी वाकून हात लावला. बाजूची माती तापली होती. तिथली गार होती आणि तिला भट्टीच्या राखेचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी ती जागा एक पाऊल पुढे होती. कालची फुलं उघडली होती, पुढची मिटली होती. मिस्त्री मापाचे पक्के. त्यांनी खुंटी ठोकली. तिसऱ्या दिवशी दुसरी ठोकली. चार खुंट्या झाल्यावर त्यांनी दोरी लावून पाहिली. रेघ सरळ होती आणि घराच्या पुढच्या खोलीच्या खिडकीवर जात होती.

त्या खोलीत त्यांचा मुलगा झोपायचा. एकुलता एक. तो त्याच कारखान्यात लागला होता, त्या महिन्यात रात्रपाळीला होता. सकाळी येऊन खिडकीखालच्या खाटेवर पडायचा तो दुपारपर्यंत.

त्याच आठवड्यात बायकोला बाजारात वहिनी भेटल्या. खूश होत्या. तुम्ही तुकडे नेल्यापासून आमची जागा छान फुलते, म्हणाल्या, भाऊजींचा हात चांगला आहे. बायकोनं हे घरी येऊन कौतुकानं सांगितलं. मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला.

कारण हे मिस्त्री एकटेच जाणत होते. अपघाताच्या दिवशीची पहिली पाळी जोडीदाराची नव्हती. ती मिस्त्रींची होती. कारखान्यात एकमेकांची पाळी भरायची रीत होती. ज्यानं भरली त्याची एक पाळी आपल्या अंगावर, ती सवडीनं भरून द्यायची. हे कुठे लिहिलेलं नसे, पण कोणी बुडवत नसे. बदली मागायला आलेल्याला नाही म्हणणारा माणूस तिथे नामर्द गणला जाई. मिस्त्रींनी जोडीदाराला सांगितलं होतं की आई आजारी आहे. आई ठणठणीत होती. घरांच्या जागांसाठी त्या दिवशी चिठ्ठ्या निघणार होत्या आणि हजर असेल त्यालाच जागा मिळणार होती. दुपारी एक वाजता कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला. तो थांबेचना. तेव्हा मिस्त्री आपल्या नव्या जागेच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवत होते.

ते हे कोणाला बोलले नाहीत. माणूसच गेला, आता पाळी भरून द्यायची कोणाला, म्हणून त्यांनी विषय मिटवला.

आता मिटलेली जागा खिडकीपासून तीन पावलांवर आली होती. मिस्त्रींनी कुदळ घेतली आणि सगळा वेल उपटला. टोपल्या भरभरून कुंपणापलीकडे टाकला. संध्याकाळपर्यंत जमीन पहिल्यासारखी उघडी झाली. हातपाय धुऊन ते ओट्यावर बसले आणि तेव्हा त्यांना आपली चूक कळली. जोडीदार आता कुठवर आला आहे, हे दिसायची सोय राहिली नव्हती.

त्यांनी मुलाला मागच्या खोलीत झोपायला सांगितलं.

"का?"

"पुढे ऊन येतं."

"इतकी वर्षं येतंय की, बाबा."

"आत झोप म्हटलं ना."

मुलगा हसला. म्हातारपणी बाबांना मुलाची त्वचा जपायची हौस आली, असं आईला म्हणाला. पण खाट उचलून आत नेली. खरं सांगायचं मिस्त्रींच्या तोंडावर आलं होतं. पण ज्या मुलाला जन्मभर शब्दाला जागायला शिकवलं, त्याला हे कसं सांगायचं? त्यांनी गिळलं.

वेल मेला नव्हता. टोपलीतून सांडलेले तुकडे जिथे पडले तिथेच रुजले. आठ दिवसांत फाटकापासून खिडकीपर्यंत हिरवा पट्टा उठला आणि त्यावर फुलं आली. सगळी उघडी. मिटलेली होती ती फक्त खिडकीखालची, भिंतीला चिकटून.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ट्रंकेतून कारखान्याचा जुना खाकी सदरा काढला. सातच्या भोंग्याला ते खिडकीखाली जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं मुलगा रात्रपाळी करून मागच्या दारानं आला आणि मागच्या खोलीत पडला.

"मी आलोय," मिस्त्री हळूच म्हणाले. "तुझी पाळी माझ्याकडे आहे. सात ते तीन... उभ्यानं भरतो. पोराकडे बघू नकोस."

राखेचा वास इतका दाटला की डोळ्यांना पाणी आलं. पाय गार पडत होते, डोकं तापत होतं. बायकोनं दोनदा हाक मारली, त्यांनी हातानं परतवली. दहा वाजून गेले. त्यांनी खाली पाहिलं. पायाशी, भिंतीला लागून असलेलं एकेक फूल उघडत होतं. वास विरला. माती कोमट झाली.

मिस्त्रींच्या छातीवरचं बावीस वर्षांचं ओझं हललं. मानलं त्यानं, असं त्यांना वाटलं. तरी ते हलले नाहीत. भरायची तर पाळी पुरी भरायची, अर्धी नाही. बाराच्या पुढे फुलं रोजच्यासारखी मिटायला लागली. मिस्त्री उभेच होते.

एक वाजायला आला तेव्हा बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"अहो, उन्हात तपश्चर्या मांडलीय का? एक बाप खुळ्यासारखा उभा आणि पोराला धड झोपही नाही."

"झोप नाही म्हणजे?"

"कामावर गेला ना तो. दहाच्या सुमाराला मागच्या दाराला एक जण आला. बदली हवी म्हणाला. मी सांगितलं, रात्रभर जागलाय, नको. तर हाच उठून बसला. बदली मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, बाबांची शिकवण आहे म्हणाला. गेला त्याच्याबरोबर."

"कोण होता?"

"मी नाही ओळखलं. तरुणच होता. अंगावर तुमच्यासारखाच सदरा..." ती थांबली. "जरा विचित्रच बोलला. म्हणाला, बापाकडे एक पाळी आहे माझी. मुलानं भरली तरी चालेल."

मिस्त्री फाटकाकडे धावले. फाटकाची कडी त्यांच्या हाताला लागेना. तेवढ्यात भोंगा वाजला. एक वाजता भोंगा नसतो. तो वाजत राहिला, थांबेचना. बायकोच्या हातातला तांब्या खाली पडला.

मिस्त्रींनी वळून पाहिलं. फाटकापासून खिडकीपर्यंत, मघाशी मिटलेलं एकूण एक फूल उघडलं होतं.

पाळी फिटली होती.